ओहोटीच्या वाटेने कुलाबा किल्ल्यात

अलिबागच्या समुद्रात किनाऱ्यापासून एक-दीड किलोमीटरवर एका बसक्या खडकावर कुलाबा किल्ला उभा आहे. भरती असली की त्याच्या चारी बाजूंना पाणी, ओहोटी लागली की पायवाट. दिवसातून दोन वेळा तो बेट होतो आणि दोन वेळा गावाला येऊन मिळतो. आपल्या जत तालुक्यात नदीला पूर आलेला पाहायचे भाग्य क्वचितच, त्यामुळे अंगणात पाणी यावे तसा रोज येणारा-जाणारा हा समुद्र आपल्या माणसाला पहिल्यांदा खरा वाटत नाही.

गेल्या माघात तालुक्याच्या पूर्व भागातले पंधरा-सोळा शेतकरी, काही जोडप्याने, अलिबागकडची खारजमीन आणि पांढरा कांदा पाहायला निघाले. मी बरोबर होतो. पुणे, खोपोली, पेण असा रस्ता. किल्ला पाहायचे मूळ कार्यक्रमात नव्हते, पण आत गणपतीचे मोठे स्थान आहे असे कळल्यावर बायामाणसांनी हट्ट धरला, आणि ते बरेच झाले.

किल्ल्यात चालत जायचे तर घड्याळापेक्षा पंचांग उपयोगी पडते. कोकणातल्या कोळ्यांचा एक सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करावी; येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. प्रतिपदेला पाऊण म्हणजे पाऊण वाजता भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तेव्हा तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बारा वाजता ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचे. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते ती चंद्रामुळे, आणि आपल्या तिथ्याही चंद्रावरच चालतात. म्हणून हा हिशेब जुळतो. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो हे मात्र ध्यानात ठेवावे.

आता गंमत पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. मुंबईच्या किनाऱ्यावर तेव्हा पाणी साडेचार मीटरच्या वर चढते आणि तितकेच खाली उतरते. वाट अगदी कोरडी पडते, पण ती पडते पहाटे आणि संध्याकाळी. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. तेव्हा ओहोटी सोयीच्या वेळी, भर दुपारी येते, पण पाणी नीट उतरत नाही, गुडघाभर राहते. या दोन्हींच्या मध्ये चतुर्थी-पंचमी. सकाळी नऊ-दहाला वाट मोकळी होते आणि पाणीही बऱ्यापैकी हटलेले असते. गणपतीच्या दर्शनाला चतुर्थी हा दिवस धर्माने ठरवला की समुद्राने, असा प्रश्न मला तिथे पडला. माघी चतुर्थीला किल्ल्यात उत्सव असतो.

आम्ही साडेसातला किनाऱ्यावर उभे राहिलो तेव्हा वाटेवर अजून पाणी होते. पाऊण-एक तासात ते डोळ्यांदेखत मागे गेले. खाली काळा कातळ, त्यावर शेवाळ, मध्ये मध्ये दबलेली वाळू. चपला हातात घेऊन चालणाऱ्यांनी सांभाळून चालावे, कालवांच्या कडा पात्यासारख्या लागतात. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घोडागाड्या आहेत. उमदीकडच्या एक मावशी घोडागाडीत बसायला तयार होईनात. "देवाला चालत जायचं असतं," म्हणाल्या, आणि आमच्या सगळ्यांच्या पुढे पोचल्या.

किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांनी १६८० च्या मार्च महिन्यात सुरू केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिल १६८० ला, महाराज गेले. संभाजी महाराजांच्या काळात काम पुरे झाले. पुढे १७१३ च्या तहानंतर किल्ला कान्होजी आंग्रे यांच्याकडे राहिला आणि मराठ्यांच्या आरमाराचे ते मुख्य ठाणे झाले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून त्यावर चाल केली, पण त्यांना हात हलवत परत जावे लागले. कान्होजींची समाधी अलिबाग गावातच आहे. १७२९ मध्ये ते वारले. एवढा इतिहास पुरे, तो पुस्तकात मिळतो.

मला तट अधिक बोलका वाटला. मोठमोठे दगड एकावर एक बसवले आहेत आणि समुद्राकडच्या बाजूला त्यांच्या सांध्यात चुना नाही. लाट येऊन आपटते, तिचे पाणी फटींतून आत शिरते, तिचा जोर तिथेच मोडतो आणि पाणी परत ओघळते. भिंत घट्ट लिंपली असती तर सगळा मार तिने एकटीने खाल्ला असता. आमच्यातल्या माडग्याळच्या आबांनी हे लगेच ओळखले. "साहेब, ही तर आपली ओघळीतली दगडाची ताल!" पाणलोटाच्या कामात ओघळीवर आपण अनघड दगडांचा बांध घालतो, त्याचे तत्त्व हेच. पाणी अडवायचे नसते, त्याची मस्ती उतरवायची असते. आबांनी अशा ताली स्वतःच्या हाताने रचलेल्या आहेत, त्यामुळे ते बराच वेळ सांध्यांत बोटे घालून पाहत राहिले.

दरवाजातून आत गेले की मध्यावर सिद्धिविनायकाचे मंदिर. राघोजी आंग्रे यांनी ते १७५९ मध्ये बांधले. गणपतीबरोबर शंकर, विष्णू, सूर्य आणि देवी अशी ही पंचायतन मूर्ती आहे. जवळच पीर हाजी कमालुद्दीन शहा यांचा दर्गाही आहे. आंग्र्यांचा वाडा लाकडी होता, १७८७ च्या आगीत तो गेला. उरलेले लाकूडकाम इंग्रजांनी १८४२ मध्ये लिलावात काढले आणि इथला दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या कामाला वापरला. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर चढवलेल्या दोन विलायती तोफा आहेत, मुलांना त्याच जास्त आवडतात.

पण आमची मंडळी अडकली ती पाण्याजवळ. मंदिरासमोर बांधीव पुष्करणी आहे आणि किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे. चारी बाजूंना मीठ आणि मध्ये गोड पाणी. आबांनी बोट बुडवून जिभेला लावले आणि मला विचारले, "हितं समुद्र वंजळभर अंतरावर, आन् पाणी गोड कसं?" त्यांच्या स्वतःच्या शेतात आठशे फुटांवर गेलेले बोअर कोरडे पडले आहे, तेव्हा हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता.

त्याचे उत्तर असे. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्याकडे सरासरी पाचशेच्या आसपास, तोही लहरी. किल्ल्यावर पडलेले पाणी काही पुष्करणीत साठते, काही खडकाच्या भेगांत मुरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते. म्हणून जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, दुधावर साय राहावी तसे. वाळूच्या जमिनीत हिशेब असा की समुद्राच्या पातळीवर एक फूट गोडे पाणी असेल तर त्या पातळीखाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी उभे असते. कातळात भेगांप्रमाणे यात फरक पडतो. याचीच दुसरी बाजू अशी की वरचे एक फूट उपसले तर खालून खारे पाणी चाळीस फूट वर सरकायला बघते. किल्ल्यातली विहीर टिकली, कारण तिच्यावर घागर आणि दोर एवढेच चालले. तिच्यावर पाच अश्वशक्तीची मोटर बसवली असती तर गढीतल्या माणसांना एका उन्हाळ्यात खारे पाणी प्यावे लागले असते. कोकण किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या वाड्यांतल्या काही विहिरी अशाच उपशाने मचूळ झाल्या आहेत.

"म्हंजे त्यांचं खारं होतं, आमचं सपतं, एवढाच फरक," आबा म्हणाले. मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ भूजलावर व्याख्याने देतो आहे, इतके थोडक्यात मला कधी सांगता आले नाही. म्हैसाळचे पाणी यायला पूर्व भागाने किती वर्षे वाट पाहिली हे वाचकांना सांगायला नको. त्या वाट पाहण्यातच ही बोअरे खोल खोल गेली.

अशी भरती-ओहोटीची देवस्थाने जगात आणखी आहेत. मुंबईचा हाजी अलीचा दर्गा तर बऱ्याच जणांनी पाहिला असेल. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर मों-सें-मिशेल नावाचा एक उंच खडक आहे, त्याच्या माथ्यावर ख्रिस्ती साधूंचा हजार वर्षांहून जुना मठ. तिथे भरतीचे पाणी चौदा मीटरपर्यंत चढते. यात्रेकरूंच्या सोयीसाठी १८७९ मध्ये पक्का भराव घालून रस्ता केला. त्याने पाण्याची ये-जा अडली, गाळ साचत गेला आणि बेट जमिनीला चिकटायची वेळ आली. शेवटी नदीवर नवा बंधारा घालून आणि भराव काढून २०१४ मध्ये खांबांवरचा पूल खुला केला, तेव्हा पाणी खालून मोकळे झाले. माडग्याळी मेंढ्या पाळणाऱ्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे तिथल्या खाऱ्या कुरणांवर मेंढ्या चरतात आणि त्या खारट गवतामुळे त्यांच्या मटणाला वेगळी चव व चढा भाव मिळतो.

साडेदहाच्या सुमारास आम्ही परत फिरलो. पाणी वळल्यावर ते समोरून लाटेसारखे येत नाही, आधी मागच्या-बाजूच्या खोलगट घळीत भरते. त्यामुळे पुढे कातळ कोरडा दिसत असतानाच वाट तुटलेली असू शकते. फोटो काढत रेंगाळणाऱ्यांना म्हणूनच अडकून पडावे लागते. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावे, पाणी वळल्यावर तासाभराच्या आत किनारा गाठावा, आणि पंचांगाचा हिशेब किनाऱ्यावरच्या गाडीवाल्याला विचारून पडताळावा. पावसाळ्यात हा नाद करू नये. प्यायचे पाणी बरोबर न्यावे.

दुपारी खारेपाटात गेलो. हीच भरती तिथे मातीच्या बांधाने अडवली आहे. बांधाला उघाडी असते. ओहोटीत ती उघडून शेतातले पावसाचे पाणी सोडायचे, भरतीत ती बंद राहते. आत भात पिकते, पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या पनवेल १, २, ३ या जाती अशा जमिनीत तग धरतात. बांध एका ठिकाणी फुटला की शेत खारे होते आणि ते पुन्हा गोडे व्हायला कित्येक पावसाळे लागतात. याच भागातल्या चरी गावच्या आणि आसपासच्या कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे संप केला, जमिनी पेरल्या नाहीत. ज्या जमिनीसाठी पिढ्यान्‌पिढ्या बांध राखले तीच पडीक ठेवायला काय लागले असेल, हे बांधावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

भात निघालेल्या वरच्या रानात पांढरा कांदा होता, काढणीला आलेला. त्याच्या वेण्या विणून विकतात. मावशींनी दोन वेण्या घेतल्या आणि एसटीच्या खिडकीला टांगून उमदीपर्यंत आणल्या.