कोंबड्यांचा दाणा

आपल्या घरांत एक रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. माणसाने खाण्यासारखे जे उरले नाही, ते कोंबड्यांना टाकायचे. शिळी भाकर, किडका दाणा, वास आलेली पेंड. कोंबडी सगळे पचवते, असा समज. या समजाची किंमत कोण मोजते, हे आम्हाला आमच्याच मोहल्ल्यात पाहायला मिळाले.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या वर्गातल्या दोन मुली शेजारच्या खालांच्या नाती. खाला विधवा. पन्नासेक गावरान कोंबड्यांच्या अंड्यांवर घरचे तेल-मीठ आणि नातींची वह्या-पुस्तके भागतात. एका वर्षी परतीच्या पावसात भिजलेला मका एका व्यापाऱ्याने स्वस्तात विकला. खालांनी तीन पोती घेतली. महिन्याभरात अंडी निम्म्यावर आली. कोंबड्या पंख पाडून बसू लागल्या, तुरे फिके पडले, मग एकेक मरू लागली. कुणी म्हणाले नजर लागली, कुणी म्हणाले मानमोडी आली. लस तर टोचलेली होती. "टीका भी झूठा निकला," खाला म्हणाल्या.

जनावरांच्या डॉक्टरांनी मेलेली कोंबडी उघडून दाखवली. कलेजी पिवळट, सुजलेली, बोटाने दाबताच फुटणारी. मग त्यांनी पोत्यात हात घातला. दाण्यांवर हिरवट भुकटी होती. उर्दूत आम्ही तिला फफूंदी म्हणतो, मराठीत बुरशी.

डॉक्टरांनी समजावले ते असे. ओल्या, उबदार दाण्यावर ही बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते आधी कलेजी खराब करते. अंडी घटतात. रोगाशी लढण्याची ताकद कमी होते, म्हणून दिलेली लसही नीट लागू पडत नाही. दाणा धुतला, वाळवला की बुरशी दिसेनाशी होते. विष मात्र राहते. उकळूनही ते जात नाही. त्याचे माप ग्रॅममध्ये नाही, मायक्रोग्रॅममध्ये करतात. म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. त्यातले थोडे अंड्यात आणि कलेजीतही उतरते.

हे विष ओळखले गेले तेही पाखरांमुळेच. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले. रोग कळेना, म्हणून त्याला 'टर्की एक्स' म्हटले गेले. शोध घेता घेता ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड सापडली आणि पेंडीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी. तिच्याच नावावरून विषाला नाव मिळाले.

खालांकडे दीड पोते उरले होते. शेजारच्या गावचा एक माणूस आला. अर्ध्या किमतीत द्या म्हणाला, त्याच्याही कोंबड्या होत्या. खालांना पैशांची नड होती. त्यांनी आम्हाला विचारले. आम्ही त्यांना १९७४ सालची हकिकत सांगितली. राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात आदिवासींनी पावसात भिजलेला मका खाल्ला होता. घरात दुसरे धान्यच नव्हते. कावीळ झाली, पोटात पाणी भरले आणि शंभरावर माणसे दगावली. खाला बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्या माणसाला म्हणाल्या, "भाई, तेरे घर भी बच्चे हैं." मका खड्डा खणून पुरला. नातींच्या वह्या त्या वर्षी उधारीवर आल्या.

परतीचा पाऊस लांबला की असा मका बाजारात येतो आणि स्वस्त म्हणून गरिबाच्याच दारी येतो. घेताना मूठभर हातात घ्यावा, वास घ्यावा, दाताखाली कडक वाजतो का पाहावे. साठवणीच्या दाण्यात ओल शेकडा बारा-तेराच्या वर नसावी. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. एकदम जास्त खाद्य भरू नये. आणि जो दाणा आपण आपल्या मुलांच्या ताटात वाढणार नाही, तो खुराड्यातही टाकू नये. त्या खुराड्यातले अंडे मुलांसाठीच येत असते.