मोजली ज्वारी

माझे आबाजी इतवारीच्या धान्य बाजारात मापाडी होते. ज्वारीत पायली खुपसायची, शीग चढू द्यायची आणि ती सांडायच्या आत पोत्यात रिती करायची, असं दिवसभर चाले. पहिल्या मापाला ते कधी 'एक' म्हणत नसत. 'लाभ' म्हणत, मग दोन, तीन. मधेच काही विचारलं की उत्तर यायचं, "थांब बाबू, मोजून रायलो."

परवा युट्रेख्टहून नातीचा व्हिडिओ कॉल आला. डच क्रियापद पाठ करत होती : मेतन, मत, मातन, खमेतन. मोजणं. एकानं मोजलं तर 'मत', अनेकांनी मोजलं तर 'मातन'. "आपलं किती सोपं आहे आजोबा, मोजलं की झालं!"

सोपं? मी तिला म्हटलं, आता तू मोजतेस, मी मोजतो. पण काल? काल मी ज्वारी मोजली, कापड मोजलं, तांदूळ मोजले. डच क्रियापद भूतकाळातही मोजणाऱ्याकडे बघतं. आपलं मात्र मोजून झालं की मोजणाऱ्याला सोडतं आणि मालाच्या मागे जातं. आबाजींनी आयुष्यभर दुसऱ्यांचीच ज्वारी मोजली. त्या वाक्यातही क्रियापद ज्वारीचंच आहे, हे मला या वयात जाणवलं.

'मेतन'चं आपल्या 'मा' धातूशी दूरचं नातं असावं, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. मात्रा, प्रमाण, अनुमान आणि आपलं माप, सगळं त्या 'मा'चं गोत. नाणी, वजनं, मापं दहाच्या पटीत असावीत, हेही सिमोन स्तेविननं 1585 मध्ये डच भाषेतच लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे नवे पैसे 1957 साली आले, किलो त्याच्या पुढच्या वर्षी. बाजारातून पायली गेली. आबाजींची घरी आली.

पितळेची आहे, एका बाजूला चेपलेली. हिच्यातच तांदूळ भरून उंबरठ्यावर ठेवले होते, आणि नातीची आई माप ओलांडून आत आली होती. नातीनं ती बघायला मागितली. मी फोन डब्याला टेकवला, पायली शिगोशीग भरली आणि परातीत ओतली. तिकडून तिनं डचमध्ये मोजायला सुरुवात केली, "एन..."

"एन नाही माय," मी म्हटलं, "पहिल्याला लाभ म्हण."