पोत्यावरचें नांव

वैनगंगेकांठच्या भंडाऱ्यास गेलों असतां तांदुळाच्या दुकानीं आम्ही बराच वेळ रेंगाळलों. एका पोत्यावर नांव होतें चिन्नोर. हा येथील जुना, बारीक व सुवासिक वाण. त्यास जिल्ह्याच्या नांवानें भौगोलिक मानांकनही लाभलें आहे. शेजारच्या पोत्यावर मात्र ‘एच्. एम्. टी.’! घड्याळांच्या कारखान्यानें भातशेती केव्हां आरंभिली, अशी शंका कोणासही यावी.

उलगडा लगतच्या चंद्रपूर जिल्ह्यांत होतो. नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांस १९८३ सालीं ‘पटेल ३’ जातीच्या भातांत कांहीं निराळ्या लोंब्या दिसल्या. तें बीं त्यांनीं वर्षानुवर्षें निवडून वाढविलें. पुढें १९९० च्या सुमारास एका व्यापाऱ्यानें त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचें नांव त्यास देऊन टाकिलें. वाण दूरवर पसरला. दादाजींस सन्मान लाभले, पण पैसा नाहीं. ३ जून २०१८ रोजीं ते हलाखींतच वारले.

घड्याळाचें नांव घरोघरीं झालें, कष्टकऱ्याचें मागें राहिलें. म्हणून आतां मुलें पानावर बसलीं, कीं वदनीं कवळ घेण्यापूर्वीं हा भात कोणाचा, तें आम्ही त्यांस सांगतों.