मग विहीर कुणाची?

हायकोर्टात आमचं अपील मंजूर झालं, त्या दिवशी आईनं गावात पेढे वाटले. आपण जिंकलेलो नाही, हे मला तासाभरानं कळलं. तोवर पेढे संपले होते.

वाद विहिरीचा. आबा आणि चुलते यांच्या वाटणीपत्रात ‘विहिरीत निम्मा हिस्सा, पाण्याच्या पाळ्या ठरल्याप्रमाणे’ असं लिहिलेलं. चुलते गेल्यावर त्यांच्या मुलांनी आमची मोटार काढून टाकली. दावा हरलो, जिल्हा न्यायालयात अपील केलं, तेही हरलो. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात दुसरं अपील दाखल केलं.

दुसऱ्या अपिलात साक्षीपुरावा पुन्हा तोलत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे त्यात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो. वकील त्याला ‘सबस्टॅन्शियल क्वेश्चन ऑफ लॉ’ म्हणतात, आणि तो न्यायाधीशांना आधी लिहून काढावा लागतो. म्हणजे खरं काय घडलं, हे ठरवायची शेवटची जागा बहुतेक वेळा जिल्हा न्यायालय. हे आम्हाला कुणी आधी सांगितलंच नाही.

फेब्रुवारी २०२४. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलो, तिथून हुतात्मा चौकापर्यंत चालत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आबा, डोक्याला टोपी, हातात वाटणीपत्राची पिशवी. ती पिशवी तिथं कुणी उघडायला सांगणार नाही, हे माहीत असून मी गप्प राहिले.

दुपारी पुकारा झाला. न्यायमूर्तींनी जिल्हा न्यायालयाचा निकाल उघडला. दीड पान. त्यात दाव्याची हकीकत सव्वा पान आणि शेवटी एवढंच, की खालच्या न्यायालयाशी आम्ही सहमत आहोत. आमचा एक साक्षीदार होता, शेजारच्या शेतातला, ऐंशीच्या पुढचा. दोन्ही भावांच्या पाळ्या त्यानं वर्षानुवर्षं पाहिलेल्या. उलटतपासात दीड तास उभा राहिला, पण बधला नाही. न्यायमूर्तींनी समोरच्या वकिलांना विचारलं, या साक्षीदाराचा उल्लेख निकालात कुठे आहे ते दाखवा. त्यांनी पान उलटलं, परत सुलटलं. उल्लेख नव्हताच. वाटणीपत्राचाही नव्हता.

त्या दीड पानाचा राग मला अजून येतो. आदेश ४१, नियम ३१ स्पष्ट सांगतो की अपिलाच्या निकालात निर्णयाचे मुद्दे, त्यांवरचा निर्णय आणि कारणं लिहिलीच पाहिजेत. एक म्हातारा माणूस भर उन्हाळ्यात एसटीनं येऊन शपथेवर बोलतो, आणि त्याचं म्हणणं खोटं, एवढंसुद्धा लिहायचे कष्ट कुणी घेत नाही! खोटं ठरवलं असतं तर निदान त्याचं ऐकलं असं म्हणता आलं असतं. तो साक्षीदार २०१९ मध्ये वारला.

न्यायमूर्तींनी तिथंच स्टेनोला इंग्रजीत निकाल सांगितला. मला ‘अलाऊड’ हा शब्द कळला. मी आबांचा हात दाबला आणि बाहेर येऊन आईला फोन केला. मग वकीलसाहेब आले आणि त्यांनी समजावलं: जिल्हा न्यायालयाचा निकाल रद्द, अपील नव्यानं ऐकण्यासाठी परत तिथंच. रिमांड.

“रिमांड?” आबा म्हणाले. “मी काय चोरी केली का?”

मी अर्थ सांगितला. ते बराच वेळ जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. मग म्हणाले, “मग विहीर कुणाची?”

वकीलसाहेब काही बोलले नाहीत. मीही नाही.

गाडीत मला हायकोर्टाचाच राग आला होता. पुरावा पुरेसा असेल तर कलम १०३ खाली त्यांना स्वतः निर्णय देता येतो, मग का नाही दिला? आता वाटतं, त्यांनी केलं ते बरोबर. तिथंच निकाल विरुद्ध गेला असता तर हकीकत सांगायला दुसरी जागा उरली नसती. पण हे मी आबांना पटवून देऊ शकले नाही, आणि रात्री जाग आली की मलाही पटत नाही.

आबा त्याच पावसाळ्यात गेले. वारसांची नावं नव्वद दिवसांत लावली नाहीत तर अपील आपोआप संपतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी मृत्यूचा दाखला घेऊन वकिलांकडे गेले. ज्यांची अपिलं चालू आहेत त्यांनी हे घरात सांगून ठेवावं. आणि जिल्हा न्यायालयाचा निकाल मिळाला की त्याच आठवड्यात स्वतः वाचावा, आपले साक्षीदार त्यात आहेत का ते बघावं. हायकोर्टात जायला नव्वदच दिवस असतात.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. आमच्यासह सहा जिल्ह्यांची मुंबईची वारी वाचली. आबांना ते बघायला मिळालं नाही.

आमचं अपील पुन्हा युक्तिवादाला लागलं आहे. त्या साक्षीदाराच्या जबाबाच्या दोन प्रती मी काढून ठेवल्या आहेत, एक वकिलांसाठी आणि एक न्यायाधीशांसमोर ठेवायला. विहिरीवर मोटार अजून एकच आहे, त्यांची.