जीपची धूळ

घामी गाव सोडून चढाला लागले आणि मागून जीप आली. डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरी धूळ. मी अस्सल मराठीत शिव्या घातल्या. कागबेनीहून निघून चौथा दिवस होता, आणि एवढी पायपीट केली होती ती ‘दुर्गम’ या एका शब्दासाठी.

लो मानथांग नेपाळच्या मुस्तांग जिल्ह्यात आहे, तिबेटच्या सीमेजवळ, सुमारे ३,८०० मीटरवर. मातीच्या उंच तटबंदीतलं शहर. १९९२ पर्यंत परदेशी माणसाला तिथे प्रवेशच नव्हता. मी गेले तेव्हा दहा दिवसांच्या परवान्याला ५०० डॉलर मोजावे लागत. एवढे पैसे भरून जीपची धूळ खायची?

दुसऱ्या दिवशी खिंडीतून शहर दिसलं आणि राग विसरले. उजाड पिवळ्या डोंगरांत हिरव्या शेतांचा एक तुकडा, त्यात तटबंदी, तिच्यावर डोकावणाऱ्या गोंप्यांच्या लाल भिंती. सपाट धाब्यांच्या कडेला सरपण रचलेलं. आतल्या बोळांमध्ये दोन माणसं जेमतेम शेजारून जातील. मधोमध राजवाडा. नेपाळने २००८मध्ये राजेपद रद्द केलं, आणि इथला शेवटचा राजा २०१६मध्ये वारला.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी चुलीपाशी बसले होते. मी म्हणाले, “दिदी, रस्ता नव्हता तेव्हा इथे किती छान असेल ना?”

दिदी लोण्याचा चहा ओतत होती. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, “तुला छान, बहिनी.” मग सांगितलं. पहिल्या खेपेला मूल आडवं आलं. घोड्यावर बसवून जोमसोमकडे न्यायला निघाले. चार दिवसांची वाट. मूल वाटेतच गेलं. “आता जीपने एका दिवसात पोचतो,” एवढं बोलून तिने माझा पेला पुन्हा भरला.

मला काही बोलता येईना. आमच्या कोकणातल्या गावाला डांबरी रस्ता आला, त्याच्या आदल्या पावसाळ्यात आजोबांना डोलीत घालून तालुक्याला नेलं होतं. अर्ध्या वाटेवरून डोली परत आणावी लागली. ही गोष्ट आईने मला किती वेळा सांगितली असेल! रस्ता आल्यामुळे गावाची मजा गेली, असं मात्र घरात कधी कोणी म्हणाल्याचं आठवत नाही. आणि मी पाच दिवस चालत येऊन दुसऱ्याच्या गावात नेमकं तेच म्हणत होते.

परतताना चरांगच्या अलीकडे पुन्हा जीप आली. मागच्या सीटवर एक म्हातारी शालीत गुरफटून बसली होती. मी कडेला झाले, ओढणी नाकावर धरली. धूळ आवडली असं नाही. ती खाली बसेपर्यंत थांबले आणि चालायला लागले.