कमलाची किंमत

विजय तेंडुलकरांचं 'कमला' हे १९८१ सालचं नाटक नुकतंच पुन्हा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते पत्रकारितेवरचं वाटलं होतं. या वेळी मात्र मन सारखं आमच्या बदलापूरकडेच धावत होतं.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जयसिंग जाधव हा दिल्लीतला नावाजलेला पत्रकार. बायकांची खरेदी-विक्री होते हे सिद्ध करायला तो बिहारमधल्या बाजारातून कमला नावाची आदिवासी बाई अडीचशे रुपयांना विकत आणतो. हेतू चांगलाच, पण पत्रकार परिषद होईपर्यंत तिला घरात दडवून ठेवतो. परिषदेत लोक तिला नको ते प्रश्न विचारून हसतात. काम झाल्यावर तिची रवानगी आश्रमात! शेवटी बड्या लोकांना बातमी झोंबते आणि जयसिंगचीच नोकरी जाते.

यामागे खरी घटना होती. त्याच वर्षी 'इंडियन एक्सप्रेस'च्या अश्विनी सरीन यांनी मध्य प्रदेशातून एक बाई २३०० रुपयांना विकत घेऊन तशी बातमी छापली होती.

नाटकात कमला जयसिंगच्या बायकोला, सरिताला, अगदी सहज विचारते की तुला केवढ्याला आणलं? तिला त्यात अपमान वाटतच नाही. घरात बाई आहे म्हणजे ती विकतच आणलेली, एवढंच तिला माहीत. सरिता मात्र त्या प्रश्नानं मुळापासून हलते.

रहस्यनाटकात माणसाला पळवून नेतात आणि मग पैसे मागतात. इथे पैसे आधी देतात. आमच्याकडच्या वीटभट्ट्यांवर त्याला 'उचल' म्हणतात. अंबरनाथ-बदलापूरला चाळी जाऊन इमारती होऊ लागल्या, त्यांच्या विटा आसपासच्या भट्ट्यांवर भाजल्या जात. राबणारी बरीचशी कुटुंबं कातकऱ्यांची. पावसाळ्यात घरात दाणा नसताना उचल घ्यायची, दिवाळीनंतर पोराबाळांसकट भट्टीवर जायचं, आठवड्याला खर्ची मिळायची. पाऊस तोंडावर आला की हिशेब, आणि बहुतेकदा 'अजून अंगावर आहेत' हेच उत्तर. कुलूप नाही, दोरखंड नाही, पण माणूस जाणार कुठे?

वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालीच झाला. त्यात असलं कर्ज फेडण्याची जबाबदारीही रद्द केली आहे. माझ्या वर्गात अशाच घरातली एक हुशार मुलगी होती. तिच्या आईला मी हे समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कायदा खरा असंल बाई, पण पोर तापानं फणफणली तर रात्री पैसं कोण देतो? शेठच देतो ना?"

यावर काय बोलणार! जयसिंगकडे तरी कुठे उत्तर होतं? बातमी छापून आल्यानंतर कमलानं कुठे जायचं, हे त्यानं ठरवलंच नव्हतं. बंधन तोडणं एक, आणि सुटलेल्या माणसाच्या चुलीचं पाहणं दुसरं. पहिल्याला कायदा आहे. दुसऱ्याला रात्रीबेरात्री दार उघडणारं कुणीतरी लागतं.

ती मुलगी दिवाळीपर्यंत रोज यायची. त्यानंतर हजेरीपटात तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडायची, एवढीच सोय होती. ती कुठे आहे हे वर्गातल्या साऱ्यांना ठाऊक होतं. भट्टीचा धूर खिडकीतून दिसायचा.