आबांची गाडी
(इयत्ता १० वी मधील एका विद्यार्थ्याकडून)

वाचकहो, येरमाळ्याचे नाव घेताच आपणांस येडेश्वरी देवीचे स्मरण होईल. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेस असंख्य भाविक तेथे जमतात, चुनखडी वेचतात, आणि संबळ, झांज व तुणतुणे यांच्या साथीवर आराधी मंडळींची गाणी चालतात. अशा गावच्या मुलाने संबळ सोडून माउथ ऑर्गन हाती धरावा, आणि त्यावरही अमेरिकेतील ‘ब्लूज’ वाजवू पाहावे, हे पुष्कळांस विचित्र वाटेल. माझ्या आईसही ते तसेच वाटले. ती माझ्या वाद्यास ‘पिपाणी’ म्हणे.

हे वाद्य मला थोरल्या आत्यांनी दिले. लांबी जेमतेम चार इंच, छिद्रे दहा, आणि आत धातूच्या वीस पट्ट्या. श्वास सोडला म्हणजे एक पट्टी बोलते, ओढला म्हणजे दुसरी. भजनातील बाजाच्या पेटीची ही चुलत बहीणच होय. परंतु पेटीचे सूर आपापल्या जागी खिळलेले असतात. तिच्यातून मींड निघत नाही, या व अशाच आक्षेपांमुळे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला दारे बंद केली होती. माउथ ऑर्गनची गोष्ट निराळी. तोंडातील पोकळीचा आकार जिभेने बदलून श्वास ओढला, तर काही छिद्रांतील सूर खाली वाकतो. ब्लूजचा प्राण या वाकलेल्या सुरात आहे.

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, तरी दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय शेतमजुरांचे हाल संपले नाहीत. त्यांच्या गाण्यांतून ब्लूजचा जन्म झाला. पहिली ओळ दोनदा म्हणावयाची व तिसरीने तिला उत्तर द्यावयाचे, ही त्याची नेहमीची घडण. जात्यावर ओव्या गाणाऱ्या आपल्या आज्यांना दुःख हलके करण्याची ही रीत परकी वाटली नसती. जर्मनीहून येणारा माउथ ऑर्गन स्वस्त होता व खिशात मावत असे, म्हणून तो या गरिबांचा सोबती झाला.

आमच्या एका गुरुजींनी मला डीफोर्ड बेली या वादकाची ध्वनिमुद्रिका ऐकविली. बेली यांना बालपणी पोलिओ झाला होता आणि अंथरुणास खिळलेल्या त्या काळात माउथ ऑर्गन त्यांच्याजवळ असे. पुढे १९२७ साली त्यांनी ‘पॅन अमेरिकन ब्लूज’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. ‘पॅन अमेरिकन’ हे एका आगगाडीचे नाव. एक माणूस, एक वाद्य, आणि कानांपुढून सबंध आगगाडी धडधडत जाते! मी त्याच दिवशी ठरविले की, हे मला आलेच पाहिजे.

वाद्य काळी एकचे. परंतु ब्लूजसाठी त्याच्या पंचमास षड्ज मानावयाचे, ही पहिली युक्ती गुरुजींनी सांगितली. पुढचे सारे श्वासाचे काम. दुसऱ्या व तिसऱ्या छिद्रांवर एकदा ओढ, एकदा सोड. चाकांचा ठेका असा धरावयाचा. चौथ्या-पाचव्या छिद्रांतून सूर ओढून ओंजळ उघडली म्हणजे शिट्टी. सूर वाकेना, तेव्हा मी बळ लावू लागलो. परिणाम एवढाच झाला की, चौथ्या छिद्राची पट्टी बेसूर झाली आणि साठविलेले पैसे नव्या वाद्यात गेले. सूर बळाने वाकत नाही, हे मला तेव्हा पटले. रोज पहाटे वसतिगृहाच्या विहिरीपाशी पंधरा मिनिटे बसून, तीन महिन्यांनी मला ती गाडी हाकता येऊ लागली.

आता ज्यासाठी हे लिहावयास घेतले, ते सांगतो. माझे आबा तरुणपणी येडशीजवळ बार्शी लाइट रेल्वेच्या रुळांवर गँगमन होते. ही छोटी गाडी १८९७ साली सुरू झाली व १९११ साली लातूरपर्यंत पोहोचली. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. पुढे तिच्या जागी रुंद रूळ आले. दोन वर्षांपूर्वी आबांना पक्षाघात झाला. उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. तेव्हापासून ते कोणाकडे धड पाहत नसत. औषध घेत, जेवत आणि भिंतीकडे तोंड करून पडत.

दिवाळीच्या सुटीत मी त्यांच्या बाजेशेजारी बसून माझी गाडी भरधाव सोडली. आबांनी मान हलविली, ती नकाराची. मला फार वाईट वाटले. वाद्य खिशात घालणार, तोच त्यांनी डाव्या हाताने माझे मनगट धरले. मग बाजेच्या लोखंडी गजावर बोटाने ठोका दिला. थांबले. पुन्हा ठोका दिला. माझी गाडी अमेरिकेतील होती. आबांना आपली हवी होती! मी वेग कमी केला. त्यांनी पुन्हा मान हलविली, आणखी हळू. मग त्यांचा हात सावकाश वर चढू लागला. मी दमून श्वास ओढीत राहिलो. हात वर पोहोचताच त्यांनी मूठ उघडली. मी शिट्टी दिली.

आई कणकेच्या हातांनी बाहेर आली होती. ती म्हणाली, “मामंजी, रामलिंगाचा घाट का हो?”

आबांनी मान डोलविली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि ते आमच्याकडे पाहत होते.

आबांची वाचा परत आली नाही. येईल असे डॉक्टरही म्हणत नाहीत. परंतु त्या सुटीत रोज सायंकाळी आम्ही दोघे घाट चढलो. आई आता पिपाणी म्हणत नाही. परीक्षेचे वर्ष असूनही वाजविण्यास अर्धा तास तीच मिळवून देते. उन्हाळ्याच्या सुटीत मला येडशीच्या स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा ठेका शिकावयाचा आहे. तो शिकविणारे गुरू आमच्या घरात एकच आहेत, आणि ते माझी वाट पाहत आहेत.